शिवीचं भाषांतर

मी पाणी भरून बाजूला झाले आणि सुश्रुतने खिशातून टिश्यू काढून नळ पुसला.

गुडगावच्या आमच्या ऑफिसात पँट्रीच्या कोपऱ्यात पाण्याचं मशीन होतं. वर निळा जार उलटा ठेवलेला. सगळा मजला तिथंच पाणी प्यायचा. सुश्रुत माझा टीम लीड. पुण्याचा. त्याने नळ नीट पुसला, टिश्यू दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मागे उभ्या असलेल्या दोघांना म्हणाला, "थांबा रे, सोवळं मोडलं." दोघे हसले. तेही आपलेच. एक मुंबईचा, एक नाशिकचा. रांगेत आणखी काही जण होते. दिल्लीचे, लखनौचे, चंदीगडचे. त्यांना वाटलं मराठीत काहीतरी जोक झाला. तेही थोडे हसले. सोबत म्हणून.

मी बाटलीचं झाकण लावत होते. झाकण बसेना. आटे चुकत होते.

सोवळं हा शब्द दिल्लीत कोणाला कळत नाही. हीच तर त्यातली मजा होती. भर ऑफिसात, पन्नास माणसांत, सगळ्यांसमोर मला बोलायचं आणि ते फक्त मला आणि त्यांच्या दोस्तांनाच कळायचं. अशी सोय पुण्यातसुद्धा नसेल.

मी सरोजिनी नगरात वाढले. सरकारी क्वार्टर. बाबा एका मंत्रालयात क्लार्क. मी तीन वर्षांची असताना ते बदली होऊन दिल्लीला आले आणि इथलेच झाले. दिल्लीत आल्यावर बाबांना एक गोष्ट कळली आणि ते हरखून गेले. इथं आमचं आडनाव कोणाला वाचता येत नव्हतं. आडनाव सांगितलं की लोक विचारायचे, "अच्छा, महाराष्ट्रियन हो?" बस. प्रश्न संपला. गावाकडे आडनावानंतर पुढचा प्रश्न असायचा, आणि त्याच्यानंतर पाण्याचा तांब्या वरून ओतला जायचा. इथं तसं काही नाही. शेजारचे शर्माजी आमच्याकडे जेवायचे, आम्ही त्यांच्याकडे. घरात हॉलच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. शर्माजींना तो फक्त मोठ्या माणसाचा फोटो वाटायचा. बाबा म्हणायचे, "इथं आपण महाराष्ट्रीयन. दुसरं काही नाही." मी ते खरं मानून मोठी झाले.

मग गुडगाव उगवलं. काचेच्या बिल्डिंगा, मॉल, आणि पुण्या-मुंबईहून भरभरून आलेले इंजिनियर. मीही इंजिनियर झाले होते. कॅम्पसमधून लागले. प्रायव्हेट कंपनी. आरक्षण नावाची चीज तिथं औषधालाही नव्हती. पहिल्या आठवड्यात सुश्रुतने विचारलं, "तू मराठी? अगं मग शुक्रवारी ये ना. आमचा कट्टा असतो." दर शुक्रवारी ऑफिसातली मराठी माणसं आपापले डबे घेऊन एका टेबलावर बसायची. कोणाची भरली वांगी, कोणाची डाळिंबी उसळ. मी खूश. दिल्लीत वाढलेल्या पोरीला एवढं मराठी एका वेळी कुठं ऐकायला मिळायचं? मला काही शब्द यायचे नाहीत. ते हसायचे, शिकवायचे.

आडनाव ऐकल्यावर मात्र ते एकेक क्षण थांबले होते. दिल्लीवाले थांबत नाहीत. हे थांबले. माझं आडनाव गावाच्या नावावरून आहे. दोन्हीकडे असतं. म्हणून त्यांना अंदाज येईना. "गाव कुठलं?" "बाबा काय करतात?" "कुलदैवत कोणतं गं तुमचं?" मी म्हणाले, "माहीत नाही, घरी विचारावं लागेल." तेव्हा मला ती चौकशी आपुलकीची वाटली होती.

संक्रांतीला कट्टा बस करून पानिपतला गेला. दिल्लीतले मराठी लोक जातात दरवर्षी. लढाई झाली त्या जागेवर स्मारक आहे. सगळ्यांनी फुलं वाहिली, घोषणा दिल्या. काका बोलले. काका ऑफिसातले नव्हते, कट्ट्याच्या अशा कार्यक्रमांना येणारे ज्येष्ठ, कुठल्याशा बँकेतून रिटायर झालेले, त्यांना सगळेच काका म्हणायचे. काका म्हणाले, "इथं मराठी माणूस जात विसरून लढला." काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. मग तिळगूळ वाटला. सुश्रुतने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर ग्रुप फोटो काढला आणि तो सगळ्यांना मेल केला. त्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, हातात तिळगूळ, तोंडभर हसू.

काही दिवसांनी काम उशिरा संपलं. कंपनीच्या कॅबमध्ये मी, सुश्रुत आणि ड्रायव्हर. माझं घर आधी. आई दारातच उभी होती. आईने ड्रायव्हरला चहा पाठवला आणि सुश्रुतला आग्रहाने आत आणलं. मराठी मुलगा, लेकीचा साहेब! तिने पोहे टाकले. सुश्रुत सोफ्यावर बसला, समोर बघितलं, आणि त्याच्या तोंडावरून कोणीतरी फडकं फिरवावं तसं झालं. समोरच्या भिंतीवर फोटो होता. पोहे आले तेव्हा तो उठला. "काकू, आज माझा उपवास आहे." आई म्हणाली, "अरे मग आधी नाही का सांगायचं! खिचडी करते, दहा मिनिटं." तो म्हणाला, "नको नको, ड्रायव्हर थांबलाय." आणि गेला. तो वार बुधवार होता. बुधवारी कसला उपवास, हे आईच्या मनातसुद्धा आलं नाही. ती हळहळली. पुढच्या वेळी आला तर असावा म्हणून साबुदाणा आणून ठेवला तिने.

त्यानंतर शुक्रवारच्या टेबलावर माझा डबा कोणी उघडेना. "पोट भरलंय गं." "डाएट." आणि मग तो पाण्याचा नळ.

नेटवरचं ते पान मला हरप्रीतने दाखवलं. हरप्रीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी पोरगी. त्या काळी सगळे त्या एकाच नेटवर्कवर असायचे. एकमेकांच्या भिंतीवर लिहायचे, कोणीही कसलाही ग्रुप काढायचा. कुठल्यातरी मुलाने तिला लिंक पाठवली होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "यार, ये तेरी फोटो है ना? लिखा क्या है?"

माझाच फोटो. पानिपतचा. माझ्या आजूबाजूचे सगळे कापून टाकलेले, फक्त मी, तिळगूळ, हसू. वर नाव: सरकारी सून. खाली मराठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. पान काढणाऱ्याने स्वतःला 'पानिपतवीर' म्हटलं होतं.

ही कोट्यातली. हिने नळाला हात लावला, सोवळं मोडलं. हिच्या घरी चहा प्यायलो तर आंघोळ करावी लागेल. हिला कोडिंग येत नाही, झाडू द्या हातात. खाली शंभरेक हशे. आणि एक पोल. त्या नेटवर्कवर मतदान घ्यायची सोय होती, लोक तिथं आवडता हिरो कोण असलं विचारायचे. इथं विचारलं होतं: हिने पाणी घेतल्यावर जार बदलावा का? हो. नाही. जार राहू द्या, हिलाच बदला. तिसऱ्याला सगळ्यात जास्त मतं. मत देणाऱ्यांची नावं दिसत होती. शुक्रवारचं टेबल जवळजवळ सगळंच होतं. माझी डाळिंबी उसळ मागून खाल्लेली मुलगीसुद्धा.

"बता ना, क्या लिखा है?" हरप्रीत म्हणाली.

मला सांगता येईना. तोंडच उघडेना. ते हिंदीत बोलायचं म्हणजे ते एकदा माझ्या तोंडून म्हणायचं. त्या लोकांनी मला एकदा म्हटलं होतं, आता मीच मला म्हणायचं. मी म्हणाले, "बाद में." आणि स्क्रीन परत तिच्याकडे वळवली.

त्या उन्हाळ्यात दिल्लीत आरक्षणाविरुद्ध मोर्चे चालू होते. पांढरे कोट घातलेले विद्यार्थी रस्ते झाडत होते, बूट पॉलिश करत होते. आता आमच्यावर हीच वेळ येणार, असं दाखवायला. टीव्हीवर ते शौर्य म्हणून दाखवत होते. ती कामं रोज करणारी माणसं त्याच रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती, त्यांच्यासमोर कोणी माइक धरला नाही. पानावर लिहिणाऱ्यांना त्या हवेने चेव चढला होता.

मी इंजिनियर. मला वाटलं, यंत्राने केलंय तर यंत्रच निस्तरेल. पानाखाली तक्रारीचं बटण होतं. दाबलं. कारण निवडा. नग्नता, हिंसा, फसवणूक, स्पॅम. जात नव्हती. 'इतर' निवडलं, इंग्रजीत सगळं लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं. त्यांनी पान तपासलं होतं, नियमांचा भंग आढळला नव्हता. कसा आढळेल? तपासणाऱ्याला मराठी येत नव्हती. त्यांच्या गाळणीत इंग्रजी शिव्या अडकायच्या, हिंदीतल्या दोन-चार अडकायच्या. 'सोवळं' कुठल्या गाळणीत अडकणार? पान कोणी काढलं हे विचारलं तर म्हणे, ती माहिती फक्त पोलिसांना, त्यांनी रीतसर मागितली तरच. म्हणजे माझा फोटो कोणालाही, आणि फोटो लावणाऱ्याचं नाव कोणालाच नाही. आणि हे लिहिणाऱ्याला मात्र वाटेल तेव्हा एका क्लिकवर सगळं पुसायची मुभा. तक्रारीचं बटण माझ्याकडे, पुसायचं त्याच्याकडे. ज्या कोणी हे बांधलं त्याने कधी मार खाल्लेला नव्हता, एवढं त्या बांधणीवरून कळत होतं.

घरी सांगावं लागलं. बाबा म्हणाले, "उडवायला सांग. उडालं की विषय संपला. तुला नोकरी करायची आहे ना?"

"आणि त्यांनी केलं ते?"

"बेटा, बोभाटा झाला की इथंही सगळ्यांना कळेल." त्यांनी शर्माजींच्या दाराकडे नुसतं बघितलं. वीस वर्षांची त्यांची कमाई त्या एका बघण्यात होती.

आई म्हणाली, "कोणी लिहिलंय?"

"नक्की माहीत नाही. पण नळ सुश्रुतने पुसला."

"तो उपवासवाला?" आईने विचारलं. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, साबुदाण्याचा डबा आणला आणि बाबांच्या पुढ्यात आपटला. "याला मी खायला घालणार होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा विषय संपला. माझा संपलेला नाही." आईला मी इतकी चिडलेली कधी बघितली नव्हती. त्या रागाने मला बरं वाटलं. चार दिवस मी लाजत होते. रागवायचं असतं हे मला आईने सांगितलं.

हरप्रीतचे जीजू वकील होते. जातीवरून लिहिलंय, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिने त्यांना फोन केला आणि मला सांगितलं, "जीजू कह रहे हैं, डिलीट मत होने देना. पेज गया तो केस गया." सगळं जग उडव उडव म्हणत होतं, आणि हा एक माणूस म्हणत होता, राहू दे. मला ते पटलं. पान उडालं असतं तर मी खोटी ठरले असते, वर कांगावखोर.

मी एचआरकडे लेखी तक्रार दिली. एचआरच्या मॅडम चांगल्या होत्या. निदान आवाज तरी चांगला होता. कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग लावली. मॅडम, त्यांचे साहेब, मी, आणि माझ्या आग्रहाने हरप्रीत. मॅडमनी प्रिंटआउट हातात घेतले, उलटेसुलटे केले. "ये तो मराठी में है. हमें तो समझ नहीं आएगा. एक मिनट." त्यांनी फोन उचलला. मराठी समजणारा जबाबदार माणूस हवा होता. त्यांनी बोलावला. दार उघडलं. सुश्रुत.

मी म्हणाले, "मैडम, ये..." त्या म्हणाल्या, "रिलॅक्स. ही इज सीनियर. वो बस ट्रांसलेट करेगा."

सुश्रुत लॅपटॉप घेऊन आला होता. भिंतीतली नेटची वायर त्याने लॅपटॉपला लावली, पान उघडलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने भाषांतर सुरू केलं. सरकारी सून? "लिटरली, सरकार की बहू. थोड़ा कॉम्प्लिमेंट जैसा है, मैडम." साहेब हसले. सोवळं मोडलं? "सोवळा मतलब हाइजीन. साफ़-सफ़ाई." आणि पोल? "पानी के जार की क्वालिटी पर है. कब बदलना चाहिए, वग़ैरह." माझ्याकडे बघून तो हळूच मराठीत म्हणाला, "कशाला ताणतेस?"

तिथं माझं तोंड उघडलं.

इतके दिवस जे हरप्रीतलासुद्धा सांगता येत नव्हतं ते आलं. मी उभी राहिले. मी म्हणाले, "मैडम, ट्रांसलेशन मैं करती हूँ. सोवळा मतलब छुआछूत. ये कह रहा है कि मेरे छूने से नल अपवित्र हो गया. पोल पानी की क्वालिटी पर नहीं है. पोल ये है कि मेरे पानी लेने के बाद जार फेंकना चाहिए या मुझे. लोगों ने वोट दिया है मुझे." मग एकेक ओळ घेतली. आंघोळीची. झाडूची. मराठीत वाचायची, हिंदीत सांगायची. आवाज फाटत होता, फाटू दिला. काचेच्या भिंतीपलीकडे लोक माना वर करून बघायला लागले. हरप्रीत रडत होती. मला रडू आलं नाही. शब्द बाहेर येत होते तसे ते माझे राहत नव्हते. ज्याचे होते त्याच्याकडे परत जात होते.

मॅडमचा चेहरा पडला. माझ्यासाठी नाही, कंपनीसाठी. "ऑफिस आवर्स में, हमारे नेटवर्क से? ओ गॉड. इसे हटवाना पड़ेगा. अभी. कैसे हटता है ये?"

सुश्रुतला सुटका दिसली. तो घाईघाईने म्हणाला, "मैडम, मैं कर देता हूँ. अभी डिलीट करता हूँ, दो सेकंड." आणि लॉग-इन केलं.

मी टेबलाला वळसा घातला आणि भिंतीतली वायर उपटली.

"तुला कसं करता येतं डिलीट?" मी मराठीतच विचारलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. "ये पेज सिर्फ़ वही डिलीट कर सकता है जिसने बनाया है. इसके पास डिलीट का बटन कहाँ से आया?"

लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोपऱ्यात अजून नाव दिसत होतं, पानिपतवीर. साहेबांनी ते वाचलं. मॅडमनी वाचलं. सुश्रुत म्हणाला, "एका फ्रेंडने पासवर्ड दिलाय." वायर माझ्या हातात लोंबत होती.

"आप सबने देखा," मी म्हणाले. "अब किसी ने डिलीट किया तो सबूत मिटाना हुआ. वो अलग जुर्म है." जीजूंचं वाक्य होतं. माझ्या तोंडी ते बरोबर बसलं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी बोलावून मायेने सांगितलं की मानेसरला क्लायंटच्या फॅक्टरीत एक जागा आहे. कंपनीची बस जाते-येते. "वहाँ कोई मराठी नहीं है. यू विल बी कम्फ़र्टेबल." म्हणजे थुंकला तो, आणि पुसायचं असेल तर मी दुसऱ्या गावी जायचं. मी म्हणाले, "मैं यहीं बैठूँगी. अपनी कुर्सी पर."

पोलीस स्टेशनला जायला निघाले तेव्हा बाबा कपडे करून तयार होते. ऑफिसला जाताना घालतात ते.

ठाण्यात सब-इन्स्पेक्टरने प्रिंटआउट चाळले. "मैडम, इसमें गाली कहाँ है? माँ-बहन की तो एक भी नहीं." मी पुन्हा भाषांतर केलं. आता सराव झाला होता. त्याने कान खाजवला. "ठीक है, बुरा लिखा है. पर क़ानून में पब्लिक प्लेस चाहिए. लोगों के सामने बेइज़्ज़ती. ये तो कंप्यूटर में है. कंप्यूटर में कौन सी जगह होती है?"

"जहाँ सौ लोग देखकर हँसे, वो जगह," मी म्हणाले. "आपका चौराहा इससे छोटा है."

तो थोडा सावरून बसला. "जाति?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात बाबा बोलले. वीस वर्षांत दिल्लीत कोणासमोर न उच्चारलेला शब्द. मोठ्याने, ठाण्यातले सगळे ऐकतील असा. "महार. अब बौद्ध हैं. मैं भी, मेरी बेटी भी." आणि सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

त्याने ते वाचलं. "ये तो महाराष्ट्र का है. आपकी जाति यहाँ हरियाणा की लिस्ट में होगी क्या?"

"गाली देने वालों ने लिस्ट नहीं देखी थी, साहब," बाबा म्हणाले.

सब-इन्स्पेक्टरने वरच्यांना विचारतो म्हणून आम्हाला परत पाठवलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. गेलो तर तिथं सुश्रुत बसलेला, आणि शेजारी काका. पानिपतला रडलेले काका. पेढ्यांचा बॉक्स आणला होता. ठाण्यात पेढे! दिल्लीत याला समझौता म्हणतात. दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसवायच्या, कागदावर सह्या घ्यायच्या, चहा पाजायचा, वहीत काहीच चढवायचं नाही.

"ये बेटा," काका म्हणाले. "परक्या मुलखात आपण चार मराठी माणसं. आपसातलं हरियाणाच्या पोलिसांसमोर कशाला न्यायचं? आपण मिटवू या." पोल घेताना मी बाहेरची होते. तक्रार झाल्यावर मी लगेच आपली झाले. माझं अंग अंग पेटलं.

सुश्रुत म्हणाला, "सॉरी यार. जोक होता." तेही त्याने माझ्याकडे बघून म्हटलं नाही. बाबांकडे बघून म्हटलं.

"तुमचं मत कशाला होतं, काका?" मी विचारलं. "जार बदलायला की मला?"

काकांनी पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सारखी केली. त्यांचं नाव तिसऱ्या उत्तराखालच्या यादीत होतं. मी वाचलं होतं. त्यांना वाटलं असावं, एवढ्या नावांत कोण बघतंय.

सब-इन्स्पेक्टरने कागद पुढे सरकवला. लिहून तयारच होता. मुलगा इथं आपल्यासमोर पान डिलीट करेल, मुलीची काही तक्रार नाही. "साइन कर दीजिए, मैडम. लड़के का करियर है. शादी-ब्याह है."

"मेरा भी है," मी म्हणाले. "समझौता नहीं करूँगी. पेज रहेगा. नेटवर्क वाली कंपनी को लिखिए कि रिकॉर्ड सँभालकर रखे और नाम दे. रिपोर्ट लिखिए."

"कोर्ट में सालों लगेंगे."

"लगने दीजिए."

काकांचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "अगं, विचार कर. तिथं भर कोर्टात, चार लोकांत, हे सगळं तुला तोंडाने वाचून दाखवावं लागेल. तुझ्याबद्दलचं. लाज वाटेल."

हेच ते. याच भरवशावर हे लोक जगत आले. ते म्हणणार, आणि आम्ही लाजेने ते पुन्हा उच्चारणार नाही. आमच्या तोंडाला ते घाण वाटणार, म्हणून ते बाहेर येणार नाही, आणि बाहेर आलं नाही म्हणजे ते घडलंच नाही. यंत्राला त्यांची भाषा कळत नाही, कायद्याला कळत नाही, आणि जिला कळते ती लाजून गप्प. यापेक्षा सुरक्षित जागा कुठली?

ज्या कंपनीने माझ्या भाषेतल्या माणसांना लिहायला जागा दिली तिने माझ्या भाषेतली शिवी ओळखणारा माणूस ठेवावा. ज्या कायद्याला चौक कळतो त्याला स्क्रीन कळावी. हे मी मागत राहीन, ज्याच्या त्याच्या दारात, कंटाळा येईपर्यंत. मला नाही, त्यांना. पण तोवर मी वाट बघत बसणार नाही. पान मी काढू देणार नाही. सही मी करणार नाही. माझी खुर्ची मी सोडणार नाही.

सब-इन्स्पेक्टरने शेवटी कोरा कागद घेतला आणि हवालदाराला दार लावायला सांगितलं, बाहेर गर्दी होती.

"दरवाज़ा खुला रहने दीजिए," मी म्हणाले, आणि वाचायला सुरुवात केली. मत देणाऱ्यांच्या नावांसकट. सगळ्यात आधी काकांचं.